दूध संस्था काढताना कोणी काय सांभाळायचं?

(शेतकरी बांधवांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाकडे एका तरुण शेतकऱ्याचं पत्र आलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण उगाच त्या मंडळींची चर्चा व्हायला नको. पत्रात त्यांनी लिहिलं आहे की आम्ही सात मित्र मिळून गावात दूध संस्था काढणार आहोत. दूध आहे, जागा आहे, भागाचे पैसेही जमत आले आहेत. पण चेअरमन कोणी व्हायचं ह्या एका गोष्टीवर तीन बैठका मोडल्या. आता दोघं जण एकमेकांशी बोलत नाहीत. तरी मार्ग सांगावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. सात जणांनी संस्था नोंदवता येत नाही. आपल्या राज्याच्या सहकारी कायद्याप्रमाणे निरनिराळ्या कुटुंबांतले निदान दहा सभासद लागतात. तेव्हा आणखी तिघं तरी शोधावे लागतील, आणि ते कसे शोधायचे हेही ह्या भाषणात येईलच. पण तुमची खरी अडचण ती नाही. तुम्ही तीन बैठका एका खुर्चीवर घालवल्या आणि कामं किती आहेत ह्याची यादी मात्र एकाही बैठकीत केली नाही, असं पत्रावरून दिसतं.

मंडळी, पेरणीचा दिवस आठवा. तिफण एक जण धरतो, बैल तोच हाकतो, आणि चाड्यावर मूठ धरायला बहुधा घरातली बाई असते. जिची मूठ चांगली तिलाच ते काम. मूठ चांगली म्हणून तिच्या हाती कोणी कासरा देत नाही, आणि तिफण चांगली धरतो म्हणून कोणी गड्याला चाड्यावर उभं करीत नाही. दोघांपैकी मोठं कोण हा प्रश्न शेतात कोणाला पडत नाही. मग संस्था काढायची म्हटली की का पडतो?

आता तुम्हाला गुजरातेतली एक हकीगत सांगतो. तेव्हाचा खेडा जिल्हा, आणंद गाव. अमूल हे नाव घरोघर माहीत आहे, पण ते उभं कोणी आणि कसं केलं हे पुष्कळांना अर्धंच ठाऊक असतं. कोणी म्हणतं कुरियनसाहेबांनी केलं. कोणी म्हणतं सरदार पटेलांच्या आशीर्वादानं झालं. दोन्ही खरं आहे, पण अर्धवट.

१९४५ साली मुंबई सरकारनं मुंबई शहरासाठी दूध योजना सुरू केली. खेडा जिल्ह्यातलं दूध रेल्वेनं मुंबईला जाऊ लागलं. ते गोळा करण्याचा मक्ता आणंदच्या पोल्सन डेअरीकडे होता. मुंबईत दुधाला चांगला भाव मिळे, पण गोठ्यात म्हैस धुणाऱ्याच्या हाती त्यातलं थोडंच पडे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सरदारांनी सांगितलं की तुमची सहकारी संस्था काढा, दूध तुमचं तुम्ही विका. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी सभा झाली आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस व्यापाऱ्याला दुधाचा थेंब दिला नाही. शेवटी सरकार नमलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली.

ह्या सगळ्यात गावोगाव पायपीट करणारा माणूस म्हणजे त्रिभुवनदास पटेल. आणंदचेच राहणारे, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. आणि विश्वास ही काही भाषणानं मिळणारी वस्तू नाही. कोणाच्या दारात पाणी प्यायला थांबलो, कोणाच्या अडीअडचणीला उभे राहिलो, ह्यातून ती वर्षानुवर्षं साठते. त्रिभुवनदास संघाचे चेअरमन झाले. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आपल्याला माणसं कळतात, यंत्र कळत नाही.

सुरुवातीला संघाकडे दोनच गावच्या संस्था होत्या आणि दिवसाचं दूध अडीचशे लिटरच्या आसपास. आजच्या तुमच्या गावच्या संकलनाएवढंच म्हणा ना! आणंदला सरकारी दूध केंद्राच्या जागेत जुन्यापुराण्या यंत्रांवर काम चाले आणि ती यंत्रं वरचेवर बंद पडत. दूध तर थांबत नाही. सकाळी धार काढली की दुपारपर्यंत त्याचं काय ते करावंच लागतं.

१९४९ च्या मे महिन्यात त्या सरकारी केंद्रावर एक तरुण इंजिनियर नोकरीला आला. व्हर्गीस कुरियन, केरळचे. सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले होते आणि त्या बदल्यात सरकारी नोकरी करणं भाग होतं, म्हणून आणंदला आले. मनातून यायचं नव्हतं. गावात ख्रिस्ती, मांसाहारी, त्यात एकटा पुरुष, म्हणून जागा कोणी देईना. एका मोटारीच्या गॅरेजमध्ये बिऱ्हाड केलं. गुजराती धड येत नव्हती. आणि गंमत म्हणजे दूध त्यांना आवडत नसे, ते पीतही नसत! सुटका कधी होते ह्याचीच ते वाट बघत होते.

पण शेजारी शेतकऱ्यांचं यंत्र बंद पडलं की त्रिभुवनदास त्यांना बोलावीत आणि ते जाऊन दुरुस्त करून देत. एक दिवस कुरियन म्हणाले, हे भंगार दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवं यंत्र घ्या. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले आणि यंत्र आणायला त्यांनाच पाठवलं. पुढे कुरियन यांचा सरकारी राजीनामा मंजूर झाला, सामान बांधलं, तेव्हा त्रिभुवनदासांनी विनंती केली की नवं यंत्र बसेपर्यंत तरी थांबा. ते थांबले, आणि आयुष्यभर थांबले.

मंडळी, इथे जरा विचार करा. त्रिभुवनदासांना मदतीला आपल्यासारखाच दुसरा माणूस घेता आला असता. एखादा नात्यातला, जातीतला, तालुक्यातला, सभा गाजवणारा. तसा मिळायला काही अडचण नव्हती. पण त्यांनी घेतला तो भाषेनं, धर्मानं, स्वभावानं अगदी वेगळा माणूस, कारण आपल्याजवळ जे नाही ते त्याच्याजवळ होतं. बहुतेक ठिकाणी नेमकी इथेच चूक होते. आपण जोडीदार निवडतो तो आपल्यासारखा, कारण त्याच्याशी गप्पा जमतात.

मग दोघांची वाटणी कशी होती? गावागावात संस्था काढणं, रुसलेल्यांची समजूत घालणं, निवडणुका, पुढारी, मंत्री, हे त्रिभुवनदासांकडे. यंत्रं, नोकरमाणसं, हिशेब, बाजार आणि सरकारी कचेऱ्यांशी व्यवहाराची भांडणं, हे जनरल मॅनेजर म्हणून कुरियन यांच्याकडे. कुरियन स्वतःला शेतकऱ्यांचा नोकर म्हणवत. पण नोकर म्हटला तरी त्याच्या कामात चेअरमन हात घालीत नसत. कोणाच्या भाच्याला नोकरीला लावा, अमक्याकडूनच माल घ्या, असला दाब बाहेरून आला तर तो चेअरमननं अंगावर घ्यायचा आणि आत येऊ द्यायचा नाही. माझ्या मते त्रिभुवनदासांचं सगळ्यात मोठं काम हेच. ते काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही.

आणि एक तिसरा माणूस होता, तो विसरू नका. हरिचंद दलाया. कुरियन यांच्याबरोबर अमेरिकेत शिकलेले, दुधाच्या शास्त्रातले जाणकार. भेटायला म्हणून आणंदला आले आणि कुरियन यांनी त्यांना ठेवून घेतलं. त्यांचं काम काय? हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात. उन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त दूध संघाकडे येई, पण मुंबई तेवढं घेईना. उरलेल्या दुधाचं करायचं काय? भुकटी करावी तर परदेशातले तज्ज्ञ म्हणत की गाईच्या दुधाची भुकटी होते, म्हशीच्या दुधाची होत नाही. दलायांनी ती करून दाखवली. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली आणि त्या बदल्यात संघानं मुलांना मोफत दूध वाटायचं ठरलं. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना सुरू झाला.

आता एकेकाला ह्या गोष्टीतून काढून बघा. दलाया नसते तर हिवाळ्याचं दूध वाया गेलं असतं. कुरियन नसते तर दलायांचा प्रयोग प्रयोगशाळेत राहिला असता, कारण त्यासाठी दिल्ली-मुंबईशी भांडून यंत्र आणावं लागलं. आणि त्रिभुवनदास नसते तर त्या यंत्रात घालायला दूधच आलं नसतं.

१९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी अशा तिघांना मिळून. खुरोडी आणि कुरियन ह्यांचे खटके उडत, तरी पुरस्कार एकत्रच! दलायांचं नाव त्यात नव्हतं. आतलं काम करणाऱ्याच्या वाट्याला हे येतं, आणि तुमच्या संस्थेतही येणार आहे. म्हणून आत्ताच सांगतो, जो फॅट तपासतो, जो वही लिहितो, त्याचं नाव वार्षिक सभेत चेअरमननं स्वतः उठून घ्यावं.

हे मी का सांगतो त्याला कारण आहे. पूर्वी मी दुधाच्या विस्तारकामावर गावोगाव हिंडत असे. एका गावात दोघांनी मिळून संस्था काढली होती. एक जण माणसं जोडणारा, दुसरा हिशेबात चोख. पहाटे पाचला काट्यावर हजर असे तो दुसरा. दोन वर्षं संस्था झकास चालली. मग तालुक्याचा सत्कार झाला. सभेत मी चेअरमनला हार घातला, त्यांच्याबद्दल पंधरा मिनिटं बोललो आणि काट्यावरच्या गड्याचं नावसुद्धा घेतलं नाही. मला सुचलंच नाही. तो मागच्या रांगेत बसला होता.

पुढच्या निवडणुकीला तो चेअरमनच्या विरुद्ध उभा राहिला आणि निवडून आला. आता काट्यावर कोण? त्यानं आपला पुतण्या बसवला. पोराला फॅट लावता येईना, वही चार-चार दिवस कोरी. इकडे नव्या चेअरमनला माणसं सांभाळता येईनात, कारण त्याची जीभ तिखट. आणि जुने चेअरमन घरी बसले ते उंबरठ्याबाहेर आलेच नाहीत. दहा दिवसांचं बिल महिन्यावर गेलं. त्या गावात एक विधवा बाई होती, दोन म्हशींवर घर चालायचं. तिची तीन बिलं अडकली. सरकी-पेंडीची उधारी थकली तेव्हा तिनं एक म्हैस बाजारात नेली. पुढच्या दिवाळीला संस्थेला कुलूप होतं आणि खाजगी गाडी गावात येऊन देईल त्या भावानं दूध नेत होती.

दोघंही भले होते. अफरातफर नव्हती, दारू नव्हती, गटबाजीही नव्हती. फक्त दोघांनी जागा बदलल्या.

कोणी म्हणेल, चेअरमन नेहमी लोकांतलाच माणूस हवा असा नियम दिसतो. तसंही नाही. आपल्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाग घ्यायला लावणारे विठ्ठलराव विखे पाटील, पण पहिले अध्यक्ष झाले पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. म्हणजे आणंदच्या उलट! इथे शिकलेला माणूस खुर्चीवर आणि लोकांचा माणूस त्याच्या शेजारी. तरी कारखाना उभा राहिला. खुर्ची कोणाची ह्यावर फारसं अवलंबून नसतं, हे तुम्हा सात जणांना मला मुद्दाम सांगायचं आहे.

हल्ली पुष्कळ गावांत शेतकरी उत्पादक कंपनी काढतात. त्या कायद्यानं तर ही वाटणी सक्तीचीच केली आहे. पाच ते पंधरा संचालक सभासदांतून निवडायचे, आणि कारभार बघायला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा, तो सभासदांपैकी नसावा. पुष्कळ कंपन्यांत हे पद कागदावर कोणाच्या तरी जावयाच्या नावे असतं आणि कारभार अध्यक्षच बघतात. मग कायद्याचा उपयोग काय?

आता तुमच्या कामाचं बोलू. पुढच्या बैठकीत चेअरमनचा विषय काढूच नका. एक कोरा कागद घ्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत संस्थेची कामं लिहा. काट्यावर उभं राहणं. फॅट आणि एस.एन.एफ. लावणं, तेही सभासदाच्या डोळ्यांदेखत. बल्क कूलर धुणं, वीज गेली तर जनरेटर चालवणं. वही आणि बँक. संघाशी किंवा डेअरीशी दराचं बोलणं. पशुखाद्य आणणं, डॉक्टर बोलावणं. पाणी घातलेलं दूध परत करणं, आणि ज्याचं परत केलं त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन त्याची समजूत घालणं. ही शेवटची दोन कामं एका माणसाला देऊ नका. परत करणारा कडक हवा, समजूत घालणारा मऊ हवा.

मग प्रत्येकानं स्वतःचं नाही, दुसऱ्याचं नाव सांगायचं. हा गडी अमुक कामाला चांगला, असं. माणसाला स्वतःबद्दल भ्रम असतात, पण शेजाऱ्याबद्दल फारसे नसतात. ज्या कामापुढे कोणाचंच नाव आलं नाही, त्या कामासाठी आठवा, नववा, दहावा माणूस शोधा. तो तुमच्या मित्रमंडळातला नसेल, कदाचित तुम्हाला आवडतही नसेल. चालेल. आणि त्या तिघांत निदान एक बाई असू द्या. धार ती काढते, वैरण ती टाकते, कोणाची म्हैस आटली आणि तरी कोणाच्या घरून तेवढंच दूध येतंय हे तिला बरोबर कळतं. शिवाय मघाशी सांगितलं त्या बाईसारख्यांचं बिल अडकलं तर ती गप्प बसणार नाही.

कोणाकडे काय, हे ठराव पुस्तकात लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. चेअरमननं रोकड हाताळायची नाही. बँकेतून पैसे काढायला दोघांच्या सह्या, आणि ते दोघं एका घरचे नसावेत. सेक्रेटरी पगारी ठेवा, थोडा का असेना पण वेळेवर पगार द्या. फुकट काम करणाऱ्याला चूक दाखवता येत नाही. महिन्यातून एकदा दार लावून बसा आणि तिथे मनसोक्त भांडा. बाहेर पारावर मात्र एकानं दुसऱ्याच्या कामावर बोट ठेवायचं नाही. आणि प्रत्येक कामाला एक हाताखालचा गडी तयार करा, कारण माणूस आजारी पडतो, वारीला जातो, लेकीच्या लग्नात गुंततो, पण म्हैस सकाळी दूध देतेच.

काम सोडायचं कधी, हेही बोलून ठेवा. त्रिभुवनदास सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आपण होऊन चेअरमनपदावरून बाजूला झाले. सभासदांनी माणशी एक रुपया काढून त्यांना थैली दिली, ती सहा लाखांच्या घरात गेली. त्यांनी ती घरी नेली नाही, आया-मुलांच्या आरोग्यासाठी ट्रस्ट काढला. कुरियन पुढे फार मोठे झाले. गुजरातच्या दूध महासंघाचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते, पण २००६ साली संचालकांशी मतभेद होऊन त्यांना ते पद सोडावं लागलं. तेव्हा त्रिभुवनदास हयात नव्हते. असते तर काय झालं असतं कोण जाणे, पण मला आपलं वाटतं की मध्ये उभा राहणारा माणूस त्या वेळी कुरियन यांच्याजवळ उरला नव्हता.

तर पत्र लिहिणाऱ्या भाऊंनो, जे दोघं बोलत नाहीत त्यांना आधी एका गाडीवर बसवून शेजारच्या गावची चालू संस्था बघायला पाठवा. भल्या पहाटे पाठवा, काट्याच्या वेळेला. कामाचा कागद परतल्यावर लिहा. चेअरमनचं नाव सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत लिहा. आणि मग दहाही नावं घेऊन सहायक निबंधकांच्या कचेरीत जा. काय ठरलं ते कार्यक्रमाला कळवा, आम्ही वाट बघतो.